विसरवाडी, गुरुवार

औषधांचं कपाट पूर्वी गायनांच्या पुस्तकांचं होतं.
अजूनही दार उघडलं की आधी
जुन्या कागदाचा वास येतो,
मग खरजेच्या औषधाचा.

नंदुरबारहून सव्वासातची एसटी,
फाट्यावर उतरून पायी बारा मिनिटं.
कौलांच्या टोकाला सिमेंटचा क्रूस,
क्रूसावर बहुतेक वेळा एक कोतवाल पक्षी, शेपूट हलवत.
एस्तेरबाई वळवी पायरीवर वजनकाटा मांडून बसलेल्या :
"आज बेचाळीस, डॉक्टरीणबाई. दोघं सुईला भिऊन
कुंपणापलीकडे गेलेत. भूक लागली की येतील."

देवाबद्दल मी बोलत नाही,
त्याही माझ्याशी टाळतात.
पंधरा वर्षं आमचं सगळं बोलणं
खरूज, जंत आणि उवांवर चालू आहे,
आणि विषय काही संपत नाही.

रुमाली पावरा, धडगावच्या वरच्या पाड्याची,
वय अंदाजे नऊ.
(अंदाजे हा शब्द माझ्या रजिस्टरात
तापापेक्षा जास्त वेळा आहे.)
थंडी पडली की तिचे गुडघे रात्री जागे होतात.
दुखण्याला ती जो शब्द वापरते
तो मी देवनागरीत लिहून पाहिला; मधलाच एक आवाज गळाला.
रक्त तपासलं तेव्हा पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या,
आणि आईबाप तिकडे बारडोलीला ऊसतोडीत, हातात कोयता.
जुळवायला फार सोपं आहे हे,
म्हणून मी जुळवत नाही.
मी लिहिते : भरपूर पाणी, फॉलिक ॲसिड, पायमोजे.
पायमोजे कुठून आणायचे ते एस्तेरबाई बघतात.
रात्री त्या चुलीत वीट तापवतात, गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून
गुडघ्यापाशी ठेवतात, आणि गार झाली की दुसरी.
किती विटा लागल्या हे कोणीच लिहीत नाही.

नाताळाला आठ दिवस असताना
पेटीची एक पट्टी मुकी झाली.
गावित पाळकांनी स्क्रू काढले, फळी उचलली.
आत धूळ, एक मेलेलं झुरळ,
आणि लोहाच्या गुलाबी गोळ्या,
एकोणीस,
कोरड्या पुसून नीट रांगेत लावलेल्या.

भाता दाबायला बसतो तो अमोस. वय दहा, हे मात्र नक्की,
बाप्तिस्म्याचा कागद आहे.
त्याची मावची, माझी अहिराणी,
मध्ये कुठेतरी आम्ही भेटलो.
काबरं रे? मी विचारलं.
तो पेटीकडे बघत राहिला.
"मायले चक्कर येस."
उसाच्या फडात. मोळी डोक्यावर घेतली की.
होळीला येईल ती, तेव्हा सगळ्या एकदम द्यायच्या.

मी रागावायला तोंड उघडलं होतं,
निघालं ते नेहमीचंच : जीभ दाखव.
दाखवली. फिकट.
खालची पापणी ओढून पाहिली.
तीही.
तीन महिने दर गुरुवारी त्याच्या नावापुढे
मी बरोबरची खूण केली होती.
माझ्याच हाताची, निळ्या शाईतली खूण.

मग एक गोळी माझ्यासमोर, गुळाच्या खड्याबरोबर.
गिळली ना? आ कर. अजून मोठा आ.
मुलं हसली, सगळ्यात जोरात रुमाली.

मोठ्या माणसाच्या गोळ्यांची पाकिटं वेगळी काढली.
रजिस्टरात आईसाठी रकाना नाही.
बेचाळीसच्या खाली मी त्रेचाळीस लिहिलं :
नाव, अमोसची आई.
वजन, मग एक आडवी रेघ.
वय, अंदाजे.

एस्तेरबाईंनी खांद्यावरून वाचलं, काही बोलल्या नाहीत.
उठल्या, भाता ओढला,
त्या पट्टीवर बोट दाबून पाहिलं.
वाजली.
जरा घोगरी.
तेवढ्यात कुंपणापलीकडचे दोघं
भाकरीच्या वासावर परत आले,
आणि मी सुईचं झाकण काढलं.