कानोसा

पाण्याखाली शांतता असते, असं ज्यानं सांगितलं
त्यानं कधी डोकं बुडवलं नसावं.

सेतिऊच्या किनाऱ्यापासून दोन तास आत
मी हायड्रोफोन सोडला, बारा वाव.
आधी आली ती चुटकी कोळंबी.
बोटभर जीव, पण हजारोंनी नांगी मिटली की
कढत तेलात ओली मोहरी पडावी
तसा तडतडाट, खंड नाही.
त्याखाली जुसोहच्या ट्रॉलरची घरघर,
त्याखाली आमच्याच होडीच्या बुडाला चाटणारं पाणी,
आणि त्याहीखाली मी शोधत होते ते.
असलं तर.

पडद्यावर हिरवी धूळ.
गाळण्या लावल्या, एकीवर एक,
आणि शेवटी सगळं इतकं निवळलं
की काहीच उरलं नाही.

आयाह नाळेपाशी जाळ्याची गाठ सोडवत बसलेले.
माझे वडील. वय एकोणऐंशी.
चाळीस वर्षं होडीच्या काठाला लोंबकळून,
डोकं पाण्यात घालून मासा ऐकणारा माणूस,
आता चहा हवा का विचारलं
तर म्हणतो, कोण मेलं?

चेष्टेनंच हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवला.
त्यांनी डोळे मिटले.
"कोळंबी फार आहे ना?" मी ओरडले.
"कसली कोळंबी?"

वरचे सूर त्यांच्या कानातून केव्हाच गेलेले:
पाखरं, किटलीची शिट्टी, धाकट्या नातीचं हसणं.
आम्ही त्यासाठी डॉक्टरांपुढे रडलो होतो.
आणि मी तीन तास
तेवढंच तर काढून टाकू बघत होते.

मग त्यांनी ट्रॉलरकडे बोट केलं.
"कलसोम, त्याला सांग, जरा दम धर."
रेडिओवर विनवलं. जुसोहनं आधी शिवी दिली,
मग इंजिन बंद केलं.

बोट हवेतच राहिलं बराच वेळ.
मग वळलं, किंचित ईशान्येला, खाली.
"गेलामा. बेडकांसारखे डरावतायत.
शंभरेक. जास्तच.
अंड्यांवर आलेत, त्यांना आज सोड."

माझ्या पडद्यावर अजून धूळच.
वहीत लिहिलं: पाच बावीस. संकेत आहे.
'उपकरण' या रकान्यात काय लिहावं
ते ठरेना, तोवर
जुसोहनं इंजिन पुन्हा सुरू केलं
आणि आयाहनी हेडफोन काढून विचारलं,
चहा आणलायस का?