डावं कोपर

मुंबई नाक्याच्या मागे, चौथ्या मजल्यावर,
रात्री साडेनऊला मी लॉगिन करते
आणि पहाटेपर्यंत परक्यांची कोपरं वाचते.
ओहायोतला सुतार, टेक्सासची केस कापणारी,
नावं झाकलेली. उरतं वय, उरते बाजू,
आणि सर्जनने घाईत सांगितलेली चार वाक्यं:
चीर दिली. नस मोकळी केली. पुढे सरकवली. टाके.
मी लिहिते ६४७१८.
नुसती मोकळी केली तरी तोच आकडा,
उचलून हाडापुढच्या नव्या जागी निजवली तरी तोच.
नसेला किती सरकावं लागलं
याला रकाना नाही.

आजाराचा आकडा वेगळा. जी छप्पन्न पॉइंट दोन,
आणि शेवटी एक अंक बाजूचा.
उजवीला एक, डावीला दोन.
बाजू लिहिलीच नसेल तर शून्य.
शून्य मला सोसत नाही. मी क्वेरी पाठवते:
कृपया कळवा, कुठलं कोपर?
टीम लीडर शिंत्रे म्हणतो, "तासाला बारा चार्ट, बाई.
तू फार विचारत बसतेस."

तांबट लेनमध्ये अण्णांचं कोपर
एकावन्न वर्षं वर-खाली झालं.
डावखुरे. बंब, घागरी, लग्नातली घंगाळं,
सगळ्यांवर डाव्या हाताची मठारणी.
दिवाळीच्या आधी पहिल्यांदा ठोका चुकला.
मी आत झोपले होते, आवाजावरून कळलं:
टण, टण, टण,
मग काहीतरी बसकं.
विचारलं तर म्हणाले, "काही नाही, पत्राच खराब आलाय."
म्हणजे शून्य.

करंगळी आधी गेली, मग तिच्या शेजारची.
चहाचा कप धरताना ती दोन बोटं
मानपान न झालेल्या पाहुण्यांसारखी बाजूला राहायची.
उद्या थांबेल, उद्या थांबेल,
स्वतःच स्वतःच्या कोपराला गूळ.
त्या दुसऱ्या बोटाला आपण अनामिका म्हणतो.
नाव नाही, तेच नाव.
पाच वर्षं रोज रात्री ती माझ्या पडद्यावर होती
आणि घरातली मला दिसली नाही.

शरणपूर रोडला डॉक्टर लोणारींनी
अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला दिला.
ओढला. अंगठा वाकला, कागद सुटून गेला.
ही खूण मला तोंडपाठ होती.
अण्णांचा त्या वेळचा चेहरा नव्हता.

ऑपरेशनच्या सकाळी सवयीने फाईल चाळली.
पहिल्या पानावर डावं. संमतीपत्रावर उजवं.
खाली अण्णांची सही, न वाचता केलेली,
सुन्न बोटांतून घसरलेली.
मी सिस्टरला म्हणाले,
"कृपया कळवा, कुठलं कोपर?"
ती हसली. मग कागद पाहिला आणि हसली नाही.
डॉक्टर स्वतः बाहेर आल्या,
जांभळ्या मार्करने डाव्या दंडावर बाण काढला,
माझ्याकडे बघून पुन्हा एकदा गिरवला.

बिलावर ६४७१८ नव्हता.
"हाताचे ऑपरेशन, पॅकेज", एवढंच,
आणि शेजारी शाई लागलेला शिक्का.

नस दिवसाला एक मिलिमीटर येते, डॉक्टर म्हणाल्या,
आली तर.
मी शिलाईच्या टेपने मोजलं, कोपर ते करंगळी.
वर्ष लागेल.
अण्णा म्हणाले, "मग हातोडीला कोपरापासूनच नमस्कार."
आणि तो नमस्कारही नीट जमला नाही, पट्टी होती.

परवा शिफ्ट संपवून आडवी झाले,
डोळा लागत होता.
बाहेर टण.
बराच वेळ काही नाही. मग टण, जरा शेजारी,
मग एक शिवी, मग टण.
झोपेतच बाजू ओळखली. उजवी.
ठोके वाकडे पडत होते, पहिलीतल्या मुलाच्या अक्षरासारखे.
उठून विचारावंसं वाटलं.
विचारलं नाही.