मी येतो, मी येते

राजारामपुरी, आठवी गल्ली, चष्म्याच्या दुकानावर जिना.
जिन्यात चप्पल काढताना मी व्याकरणही काढून ठेवते.
खाली रिक्षावाल्याला म्हटलेलं असतं,
‘मामा, थांबा, सुट्टे घेऊन येतो.’
वर दार ढकलून म्हणते, ‘मॅडम, येते.’
मगदूम मॅडमनी असं बोला म्हणून कधी सांगितलं नाही.
स्वच्छ खोलीत स्वच्छ बोलावं, एवढंच.

दोन खुर्च्या. घड्याळाचं तोंड त्यांच्याकडे,
कागदी रुमालांच्या खोक्याचं माझ्याकडे.
पन्नास मिनिटं, नऊशे रुपये.
तिथंच पहिल्यांदा सांगितलं:
त्या रात्री एक वाजून दहा मिनिटांनी प्रतापचा फोन आला होता.
मी नाव वाचलं आणि फोन पालथा ठेवला.
वाटलं, पिऊन केला असेल, सकाळी बघू.
सकाळी शिवाजी पुलाखालून त्याला बाहेर काढला.

मॅडम हलल्या नाहीत.
वाक्य खाली पडलं, त्याला पडू दिलं.
मग विचारलं,
‘फोन पालथा ठेवला, तेव्हा हाताला काय वाटलं?’

हाताला!
दीड वर्षात माझ्या हाताची कुणी चौकशी केली नव्हती.
वेळ संपेपर्यंत मी हाताविषयीच बोलत राहिले.

दिलशादला सांगायला आणखी चार महिने लागले.
गंगावेशीत, दूधकट्ट्यावर, रात्री साडेनऊला,
म्हैस समोर उभी, ग्लासात धार,
आणि दिल्याच्या ओठावर फेसाची मिशी.
दिलशाद बागवान. पाचवीपासून एका बाकावर.
प्रतापनं तिला सायकल शिकवताना पाडलेली,
गुडघ्यावरची खूण ती लग्नात नवऱ्याला दाखवत होती:
‘ह्ये बघ, ह्ये माझ्या भावानं केलंय.’

म्हटलं, ‘मी जागी होतो, दिल्या.
फोन बघितला. उचलला नाही.’

तिनं ग्लास खाली ठेवला, अर्धा.
म्हशीचा मालक म्हणाला, ‘ताई, दूध बरं न्हाई काय?’
ती म्हणाली, ‘आन् आज सांगतीस?’
गाडीला किक मारली आणि गेली.
हातबित काही विचारलं नाही.

अकरा दिवस.
मॅडम म्हणाल्या, ‘तिच्या रागाला थोडी जागा देऊ या.’
जागा कुठली द्यायची?
अख्ख्या शाहूपुरीत तिचाच राग भरला होता.
मंडईत तिचा दीर दिसला
तर मी कोथिंबिरीच्या जुडीत तोंड घातलं.
मॅडमना मी काहीही सांगितलं तरी
पुढच्या गुरुवारी त्या तिथंच असतात.
दिल्या नसू शकते.
हे मला तेव्हा, पेंडीचा भाव विचारता विचारता कळलं.

बाराव्या दिवशी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला ती दारात.
हातात सायकलचा पंप, गंजलेला.
‘त्याचा हाय. परत द्यायचा राहिला. एकोणीस वर्षं.’
आणि जी रडायला लागली
ती मलाच तिला धरावं लागलं.
डाळ करपली. वास आला, कुणी उठलं नाही.
‘मलाबी रडायचं हुतं तुझ्यासंगं,’ म्हणाली,
‘आन् तू पैसे देऊन एकटीच रडून आलीस.’
मग नाक पुसून: ‘किती घेती ती बाई?’
‘नऊशे.’
‘आई गं.’

परवा रंकाळ्याला गेले होते.
कठड्यावर दोन बायका, मधे भेळेचा एक कागद.
एक दुसरीला म्हणत होती,
‘मी थकलो गं आता. लई थकलो.’
आवाज ओळखीचा वाटला म्हणून बघितलं.
मगदूम मॅडम.
चप्पल काढलेली, पाय वर घेतलेले,
आणि ती दुसरी काहीच न बोलता
त्यांच्या वाटणीचे शेंगदाणे वेचून खात होती.

मी तोंडावर ओढणी घेऊन पुढं गेले.

गुरुवारी दारात म्हटलं, ‘येते.’
त्या म्हणाल्या, ‘या.’
घड्याळ होतं तिथंच होतं.

दिल्याला यातलं काही सांगितलं नाही.
एवढं एक त्यांच्याकडून शिकलो.