एकोणपन्नास

तासगाव सोडलं की मणेराजुरीच्या रस्त्याला
पत्र्याच्या शेडात बायका बेदाणा निवडतात.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं,
काळा कडेच्या घमेल्यात.
काड्या पायाशी.
मी टेबलाशी. मस्टर माझ्याकडं.

बारा वर्षं लिहितेय.
नावं बदलतात, आकडा नाही.
पन्नासावी आली की कुणीतरी एक
मालकांच्या मेव्हण्याच्या फर्मला जाते,
त्याच शेडात, त्याच पाटावर,
फक्त वही निराळी.
पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं.
दिवाणजी म्हणाले, पन्नास झाल्या की पाळणाघर आलं,
पाळणाघराला खोली आली,
खोलीला बाई, बाईला पगार.
एका आकड्यात केवढं वाचतंय बघा, ताई.
मला तेव्हा ती हुशारी वाटली.
खरं सांगायचं तर शिकावीशी वाटली.

तस्लीम मुजावरचं पोरगं चार महिन्यांचं.
सासू त्याला दुपारी फाटकाशी आणते.
मग ही टाकीच्या नळावर
आधी हात धुते, मग मान,
मग पदराआड छाती.
गंधकाच्या धुरीचा वास राहिला
तर पोर तोंड फिरवतं.
हिचा साबण संपला तर कुणीतरी
आपला तुकडा पुढं सरकवतं.
किलोवर मजुरी.
वॉचमन घड्याळ बघत नाही,
तशी गरजच नाही.

बेस्तरवारी सांगलीहून साहेब येणार म्हणून
कॅलेंडरमागचा कागद काढून दर्शनी लावायला सांगितला.
लावता लावता वाचला.
जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचला.
सव्वीस आठवडे भरपगारी.
मालनआक्का भाकरी मोडता मोडता हसली,
सव्वीस आठवडं? माझा थोरला सव्वीस वर्षांचा झाला की गं!
मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत
पाजण्यासाठी रोज दोन वेळा जादा सुट्टी.
यावर कुणी हसलं नाही.
शेवंता म्हणाली, हे लिहिणारी
कुणीतरी बाईच असणार.
दुसऱ्या वहीतल्यांना पण हाय का हे?
एकीनं विचारलं.
मी कागद वरून खाली दोनदा बघितला.
लिहिलं नव्हतं. किंवा मला सापडलं नाही.

पुढची ओळ मात्र मी वाचली नाही.
बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत
ऐंशी दिवस भरले की हक्क लागू.
तस्लीमचे एकोणऐंशी भरले होते.
मीच तिला म्हणाले होते,
आता घरीच थांब बाई, माल नाही.
माल होता.
ट्रक मागं लागलेला होता.
ती पोटावर हात ठेवून
माझ्याकडं बघून बरं म्हणाली,
आणि जाताना माझ्या टेबलावरचा ग्लास
विसळून ठेवून गेली.

माझं नाव मस्टरला नाही.
माझा पगार व्हाउचरवर निघतो,
किरकोळ खर्च, स्टेशनरी वगैरे.
वगैरे म्हणजे मी.

बुधवारी सगळे गेल्यावर
पेन झटकलं,
एकोणपन्नासच्या खालची कोरी ओळ बघत बसले.
दिवाणजी कुलूप घेऊन दारात,
झालं का हो ताई?
होतच आलंय, म्हटलं.
पन्नास. इंदुमती वसंत कोष्टी.
अक्षर नेहमीसारखंच आलं.
हात थोडा चिकट होता, बेदाण्याचा असेल.

आज साहेब आले.
चहा आला, बशीत पिवळ्या बेदाण्याची रास.
दिवाणजी शेजारी उभे,
मस्टर मी पुढं केलं.
साहेब नखानं ओळी मोजतायत,
मध्येच एक बेदाणा, मध्येच एक फोन,
पुन्हा तिसापासून.
बाहेर फाटकाशी रडणं ऐकू येतंय,
आज सासू लवकर आली.
तस्लीमनं पाटावरून मान वर केलीय,
माझ्याकडं बघतेय,
जाऊ का म्हणून.

सत्तेचाळीस, साहेब म्हणतात.
अठ्ठेचाळीस.

जा, मी तिला म्हणते,
सगळ्यांना ऐकू जाईल असं.