फिजाया

रात्री पावणेदोनला फोन: मराठी येतं ना तुला?
मी शारजातला, रोल्याजवळचा टायपिंगवाला.
दिवसा व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, बाळांच्या जन्मनोंदी,
आणि कधीमधी विमानतळावरून असं बोलावणं.
टॅक्सीचे पैसे देतात. कॉफीही.

खोलीत गारठा जरा जास्तच.
टेबलावर आमसुलांचा डबा, दोन पंचे,
आंबापोळीची वळकटी,
आणि करंगळीएवढी तपकिरी बाटली.
खुर्चीच्या कडेला, एक पाय लांब टाकून,
तुळाजी भुवड, वय बावन्न, पाइप फिटर,
दसरा करून परतलेला.

"दादा, सांगा त्यांना. पावती हाय."
खरंच होती. चिपळूणच्या दुकानाची, टॅक्ससकट,
वैद्यांची चिठ्ठीही:
झोपताना चार थेंब, जिभेखाली.
तीन वर्षांमागे मांडीवर फ्लँज पडला.
हाड जुळलं, ठणका राहिला.
"दिवसाचं काय नाय वो. रात्री कोनतरी
आत बसून लोखंड घासतंय, असं."

अधिकारी तरुण. आवाज न चढवणारा.
बाटली उजेडात फिरवून म्हणाला,
हा शब्द कसला?
लेबलावर देवनागरीत: विजया तैल.

विजया म्हणजे माझी थोरली आत्या,
तिच्या शिलाई मशीनचं पायडल अजून कानात आहे.
विजया म्हणजे परवा संपलेला दसरा,
विजया म्हणजे जिंकलेली.
आणि विजया म्हणजे भांग, हे वैद्यकाच्या पोथीत.
मला ते ठाऊक होतं.
नसतं ठाऊक तर घरी जाऊन झोपलो असतो.

आधी नाव लिहून घेतलं.
अरबीत व नाही. तीन टिंबांचा एक असतो उसना,
तो त्याच्या कीबोर्डवर सापडेना,
मग फ घातला.
फिजाया.
अधिकाऱ्याने मोठ्याने वाचलं
आणि विचारलं, ही कोण, बायको?
मी मराठी केलं. भुवड दात दिसेपर्यंत हसला.
"बायको चंद्रभागा. ही नुस्ती झोपवते."
त्यातलं पहिलं वाक्य मी पलीकडे नेलं,
दुसरं माझ्याकडेच ठेवलं.

अर्थ सांग, तो म्हणाला.
मी म्हटलं, एक झाड.
तो थांबला. उद्या प्रयोगशाळा सांगणारच होती,
तरी तो माझ्यासाठी थांबला.
कुठलं झाड?

हशीश म्हणजे अरबीत मुळात नुसतं गवत,
पण त्या खोलीत त्याचं गवत राहत नाही.
मी किन्नब म्हटलं.
एवढीच दया माझ्या कामात बसत होती.

तिथे बिलावर मिळतं,
इथे चिठ्ठी म्हणजे चक्क कबुलीजबाब,
मध्ये तीन तासांचं आकाश
आणि ट्रेमधली उपमा.
भुवडला हे सांगताना मी "नियम" म्हटलं,
"गुन्हा" नाही म्हटलं. तो मान हलवत राहिला,
मग सही केली, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ देऊन,
आणि विचारलं,
"आता कुठल्या रांगेत उभा राहू?"

अधिकाऱ्याने खणातून स्वतःच्या दोन गोळ्या काढल्या,
डोकेदुखीच्या, साध्या. पाणी दिलं.
पायाकडे बोट दाखवून म्हणाला, याला विचार,
आत्ता दुखतंय का?
मी विचारलं.
भुवडने आधी माझ्याकडे पाहिलं,
बरोबर उत्तर कुठलं ते शोधत.

पहाटे घरी आलो तर संगीता जागी.
दिवाळीआधीचा पहिला घाणा करून बघत होती.
कोण होतं?
भुवड म्हणून.
सुटला?
मी कॉलर सैल केली.
ती पोळपाटावर अनारसा थापत होती, रव्यावर.
खसखस या देशात आणता येत नाही,
अकरा वर्षं झाली.
पहिल्या वर्षी दोघं हळहळलो होतो.

मुलगी उठून आली, डोळे चोळत,
गरम अनारसा फुंकून खाल्ला.
तिला वाटतं,
अनारसे असेच असतात.