व्याज शेजाऱ्याच्या घरी

कमाटीबागेतलं संग्रहालय, रविवार, सकाळचे अकरा.
देवमाशाच्या सांगाड्याशेजारच्या खोलीत मी बोलले.
सतरा माणसं होती,
त्यातली चार पंख्याखाली बसायला आलेली.

नकाशावरची निळी रेघ दाखवली.
म्हटलं, हिच्या आत जाळं टाकायचं नाही.
हातात माझी चौकट होती,
रावपुऱ्यातल्या नळवाल्यानं पाइप कापून केलेली,
मीटर बाय मीटर.
आखातात ओहोटी लागली की ही प्रवाळावर ठेवायची
आणि आत असेल ते मोजायचं.
एका मुलानं विचारलं, खेकडा अर्धाच आत असेल तर?
डाव्या कडेवरचा धरायचा, उजव्या कडेवरचा सोडायचा.
नियम आहे.
खेकड्याला सांगितलाय का?

हसले सगळे. मीही.

मग नेहमीचा दाखला काढला, मुदत ठेवीचा:
मुद्दल हलवायचं नाही, व्याजावर जगायचं.
श्रीपतराव कारखानीस उठले.
चौतीस वर्षं बँकेत, त्यातली अकरा ठेवींच्या खिडकीवर.
बाई, म्हणाले, दाखला चुकला.
व्याज ठेवीदाराच्या खात्यात जमा होतं,
उठून शेजाऱ्याच्या घरी जात नाही.

मी थांबले.
समुद्रात जातं, म्हटलं.
आत वाढलेली मादी मोठी होते,
मोठी मादी अंडी किती पटींनी घालते,
पिल्लं पाण्याबरोबर रेघ ओलांडून जातात.
शेजाऱ्याच्या घरी जातं, तेच तर सांगायचं होतं.

आणि शेजारी कोण?

हे मात्र त्या नकाशात नाही.
सलायाचे जुसबभाई मला होडीतून नेतात,
पैसे घेताना मोजत नाहीत, बोलताना मोजतात.
ते म्हणाले होते, मासा बाहेर येतो, खोटं नाही,
पण रेघेला खेटून मोठ्या बोटी आधीच उभ्या असतात.
हे मी खोलीत सांगितलं.
पडद्यावर नव्हतं, तरी सांगितलं.

कारखानिसांनी वही काढली होती.
आत मासे जास्त, बाहेर कमी, म्हणजे सिद्ध?
नाही.
रेघ आखणाऱ्यानं भरलेलीच जागा निवडली असेल.
आधी किती होते, कुणी मोजलं होतं?
फार थोड्यांनी.
मग तुम्हाला काय माहीत आहे, बाई?
थोडंसं, म्हटलं. पण ते बरंच तपासलेलं.

मागून नलूताई गुप्ते म्हणाल्या,
आमच्या सोसायटीत पुराला मगर आली होती,
जिन्याखाली बसून होती दोन तास.
तिला कुठे रेघ होती?
वॉचमननं तिच्याभोवती तीन खुर्च्या मांडल्या
आणि माणसांना सांगितलं, या पलीकडे नाही.
खुर्च्या मगरीसाठी नव्हत्याच.

मी हे लिहून घेतलं.
पाच वर्षांत इतकं नेमकं
मला एकाही अहवालात सांगता आलं नव्हतं.

संपल्यावर कारखानिसांनी चौकट मागितली.
गुडघ्यावर हात टेकून, दोनदा थांबून,
देवमाशाच्या फासळ्यांखाली फरशीवर ठेवली
आणि चष्मा कपाळावर सारून पाहिलं.
काही नाही, म्हणाले.
शून्य लिहा, म्हटलं. शून्यही लिहायचं असतं.
त्यांनी तारीख घातली, वेळ घातली,
मग शून्य काढलं, बँकेतलं, गोल, पूर्ण मिटवलेलं.
शिपाई किल्ल्या वाजवत उभा होता.

रिक्षात चौकट मावत नाही.
अर्धी आत, अर्धी हातानं बाहेर धरून
काळ्या घोड्याच्या पुलावर आले.
खाली विश्वामित्री, गढूळ, जवळजवळ थांबलेली.
काठावर लाकडासारखं काहीतरी होतं.
लाकूडच असेल.
रिक्षावाला म्हणाला, बेन, हात अंदर लो.
मी कोपर आत घेतलं,
चौकट तशीच.