घट

मानवतला, मोंढ्याच्या मागं, मुंजाजीची गिरणी.
भिंतीला टेकून डबे उभे.
माणसं रांगेत नाहीत, डबेच आहेत:
पत्र्याचे, स्टीलचे,
एक ऑइलपेंटचा, कंपनीचं नाव अजून वाचता येणारा,
आणि एक नुसती पिशवी, गाठ मारलेली.

माझ्या वहीत शब्द आधीच तयार होते:
स्तरीकरण. दर्जा. भूमिका. सामाजिक अंतर.
सर म्हणाले होते, संकल्पना म्हणजे चाळणी.
गाव तिच्यातून जाऊ द्या, वर उरेल ते लिहा.
खाली पडेल त्याचं काय,
हे मी विचारलं नाही.

तीन दिवस क्रम टिपला.
आधी उपवासाची भगर, दगड कोरा असताना.
मग गहू, मग ज्वारी, मग बाजरी.
सगळ्यात शेवटी लोचनाबाईंचा डबा,
त्यात काहीही असो.

चौथ्या दिवशी त्यात गहू होता.
नातीला बघायला पाहुणे येणार होते.
तरी शेवटीच.

"असं काहून?" मी विचारलं.
मुंजाजी पट्ट्याकडं बघत म्हणाला,
"बाजरीवर गहू टाकला की पोळी काळी येतीय, ताई.
दगडाचा गुण हाय त्यो."
"पण आज त्यांचाही गहूच आहे."
"मंग? तेंची सवय हाय. हाय का नाई, लोचनाबाई?"
"हाय की," त्या म्हणाल्या.
माझ्याकडं त्यासाठी चौकट होती: सहमत.
खूण केली.
पेनाच्या टोकानं कागद जरा फाटला.

तेवढ्यात लाईट गेली
आणि त्यांनी मलाच विचारायला घेतलं.
गाव कोणतं? कुणाच्यात उतरलीस? इतकं शिकून काय करायलीस?
मग माझ्याच प्रश्नावलीतला पहिला रकाना:
आडनाव काय?
सांगितलं.
"आं?" मुंजाजी म्हणाला.
पट्टा गप्प होता, दगड गप्प होता,
आवाजाचं निमित्त नव्हतं,
तरी दुसऱ्यांदा सांगताना
मी ते हळू सांगितलं.

लोचनाबाईंनी ऐकलं.
काही न बोलता डबा सरकवला,
बसायला जागा केली.

रात्री खोलीवर हे कुठं लिहावं कळेना.
"संशोधकाचं स्थान" असा एक मुद्दा असतो प्रबंधात,
दीड पानाचा. बहुतेक जण तो घाईत उरकतात.
त्या हळू आवाजाला तिथं मथळा नाही.

पाच किलो दळण दिलं तर पाच किलो परत येत नाही.
थोडं दगडाला, थोडं हवेत,
थोडं मुंजाजीच्या भुवयांवर.
तो त्याला घट म्हणतो, हिशोबात धरतो,
कुणी भांडत नाही.
माझ्या तक्त्याची बेरीज मात्र
दरवेळी बरोबर शंभर टक्के येते,
आणि मला तिची भीती वाटायला लागलीय.

आज वही नेली नाही.
घरमालकिणीची ज्वारी नेली, चार किलो.
दारात उभी राहिले डबा काखेत धरून,
रांगेत कुठं ठेवायचा ते सुचेना.
मधे? ज्वारीच्या जागी?

"ठिव की," लोचनाबाई म्हणाल्या,
"माझ्या मागं."

ठेवला.
मुंजाजीनं एकदा डब्याकडं बघितलं,
एकदा माझ्याकडं,
आणि बटण दाबलं.